हिंगणीला थांबा

पहाटे पाच-साडेपाचला हिंगणीच्या रस्त्यावरून एकामागून एक गाड्या बोर धरणाकडे जातात. हिवाळा असेल तर काचा बंद, आत शाली-स्वेटरांत गुरफटलेली माणसं, कोणाच्या तरी मांडीवर अर्धवट झोपेतलं पोर. व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीचं फाटक वेळेवर गाठायचं असतं, त्यामुळे सगळ्यांना घाई. दहा-साडेदहाला त्याच गाड्या उलट्या येतात आणि तितक्याच वेगाने सेलूच्या दिशेने निघून जातात. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणी गावाशी बहुतेक पर्यटकांची ओळख एवढीच. जाताना एकदा आणि येताना एकदा ते वाटेत लागतं.

मीही वर्षानुवर्षं असाच गेलो-आलो. मग एका माघात इथल्या शेतात रोडग्यांच्या जेवणाचं आमंत्रण आलं आणि सबंध दिवस हिंगणीत काढला. त्या दिवसापासून मी लोकांना सांगत आलो आहे की बोरला जायचं असेल तर हिंगणीसाठी एक दिवस वेगळा ठेवा. इथे जे जे पाहण्यासारखं आणि खाण्यासारखं आहे, त्यातलं बरंचसं बोर नदीच्या पाण्यावर उभं आहे. ती नदी समजली की वाघही नीट समजतो.

बोर ही फार मोठी नदी नव्हे. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांच्या सीमेवरच्या टेकड्यांतून ती निघते, जंगलातून खाली उतरते, हिंगणीवरून पुढे सेलूच्या काळ्या जमिनीत शिरते. तिचं पाणी पुढे वर्धा नदीला, तिथून प्राणहितेला आणि शेवटी गोदावरीला मिळतं. या टेकड्या बसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या. वर मुरुमाचा पातळ थर. असल्या डोंगरावर पाऊस पडला की पाणी झरझर वाहून जातं, फार काळ साठून राहत नाही. म्हणून धरणाआधीची बोर ही पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी आणि चैत्रात डोहाडोहांपुरती उरणारी नदी असणार, विदर्भातल्या तिच्या इतर बहिणींसारखीच.

१९६५ मध्ये हिंगणीजवळ धरण झालं आणि हे सगळं बदललं. धरण मातीचं आहे, सुमारे ३६ मीटर उंच आणि १,१५८ मीटर लांब. मातीचं धरण म्हटलं की अनेकांना ते कच्चं वाटतं, पण त्याची रचना मोठी विचारपूर्वक असते. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा घालतात. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी पाझरू देत नाही. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचं जाड कवच, ते सगळं वजन तोलून धरतं. पाण्याच्या बाजूला लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं पिचिंग, आणि जास्तीचं पाणी जाण्यासाठी वेगळा सांडवा, कारण मातीच्या धरणावरून पाणी वाहू देणं म्हणजे ते धरणच घालवणं. ज्या काळ्या मातीत वर्धेकर पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवत आले, तसलीच माती इथे पाणी अडवायला कामी आली, ही गोष्ट मला फार आवडते.

या पाण्याने दोन दिशांना दोन वेगळी कामं केली. खाली कालवे गेले आणि सेलूच्या पट्ट्यात केळी फोफावली. सेलू-पवनारची केळी हे एकेकाळी या जिल्ह्याचं मोठं नाव होतं. केळीला बारा महिने पाणी लागतं, ते एका पावसाळ्यावर भागत नाही. वरच्या बाजूला जलाशय पसरला, आणि त्याने जंगलाचं नशीब पालटलं.

इथलं जंगल शुष्क पानगळीचं. साग, ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, पळस, मधून मधून बांबूची बेटं. मार्च उजाडला की सागाची पानं पायाखाली पापडासारखी वाजतात, नाले कोरडे पडतात. अशा वेळी धरणाचं पाणी जसजसं मागे हटतं, तसतशी काठावरची गाळाची ओलसर जमीन उघडी पडते आणि भर उन्हाळ्यात तिथे कोवळं गवत उगवतं. चितळ, सांबर, रोही आणि रानडुकरं त्या हिरव्या पट्ट्याकडे ओढली जातात. (नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात.) तृणभक्षी जिथे, तिथे वाघ. एप्रिल-मेमध्ये वाघ दिसण्याची शक्यता वाढते ती याच कारणाने: पाणी मोजक्या जागी उरलेलं असतं आणि झाडांवर आडोसा नसतो.

बोर अभयारण्य झालं १९७० साली. नंतर त्याला जोडून आणखी जंगल घेण्यात आलं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळचं क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर. ताडोबाचा गाभाच ६२५ चौरस किलोमीटरचा आणि मेळघाटचा १,५०० चा, हे लक्षात घेतलं म्हणजे बोर किती चिमुकलं आहे ते कळतं. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. पुढे भोवतालचं ६७८ चौरस किलोमीटर क्षेत्र बफर म्हणून जोडलं गेलं. बफर म्हणजे जिथे जंगल, शेतं आणि गावं एकमेकांत मिसळलेली असतात तो पट्टा.

एवढ्याशा जंगलाचं महत्त्व काय, असं कुणीही विचारेल. नकाशा काढून बघा. ईशान्येला पेंच, पूर्व-आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला, आग्नेयेला ताडोबा, वायव्येला मेळघाट. या सगळ्यांच्या मधोमध बोर आहे. वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईचा इलाखा सोडतं आणि स्वतःची जागा शोधायला निघतं. नराला कित्येक चौरस किलोमीटरांचा मुलूख हवा असतो. बोरसारख्या लहान जंगलात जन्मलेल्या सगळ्या पिल्लांना जागा पुरणं शक्यच नाही. ती बाहेर पडणारच, नाल्यांच्या काठाने, तुरीच्या आणि उसाच्या आडोशाने, रात्रीच्या वेळी रस्ते ओलांडत. लांबच्या प्रवासाला निघालेल्या वाघासाठी बोर म्हणजे मुक्कामाची धर्मशाळा. अशी ठाणी मोडली तर मोठी जंगलं बेटांसारखी एकाकी पडतात, आणि तिथले वाघ नात्यात नात्यात वाढून दुबळे होतात.

बोरचा बाजीराव नावाचा देखणा नर या भागातल्या वन्यजीवप्रेमींचा लाडका होता. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ रात्री वाहनाच्या धडकेने तो गेला. बोरचा वाघ नागपूर जिल्ह्यातल्या हमरस्त्यावर का मेला, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. वाघाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. म्हणून हिंगणीच्या रस्त्यावरून रात्री जाताना गाडी हळू चालवा, ही विनंती मी इथेच करून ठेवतो.

आणि वाघाच्या शेजाराची किंमत कोण देतं, तेही पाहायला हवं. हिंगणीच्या आसपास थंडीच्या दिवसांत संध्याकाळी शेतकरी घोंगडी आणि बॅटरी घेऊन शेताकडे निघालेले दिसतात. ते जागलीला जातात. हरभऱ्याचं, गव्हाचं उभं पीक रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तुडवून टाकतात. कुणी मचाण बांधतं, कुणी डबे वाजवतं, अलीकडे कुंपणाला झटका मशीन लावतात. जंगल वाचलं म्हणून रोही वाढल्या, रोही आहेत म्हणून वाघ आहे, आणि त्या रोहींचं पोट बऱ्याच अंशी या शेतांवर भरतं. मोहाच्या हंगामातही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, ती वेचायला माणसं अंधारात जंगलाच्या कडेला जातात. अस्वलालाही तीच फुलं हवी असतात आणि त्याच वेळी. वाकून फुलं वेचणारा माणूस जनावराच्या नजरेला माणसासारखा दिसत नाही. मे महिन्यात तेंदूपानं तोडतानाही तोच धोका. आपण सफारीच्या गाडीत सुरक्षित बसून जो वाघ बघतो, त्याच्यासोबत ही माणसं पायी जगतात. तेव्हा आपल्या खिशातले चार पैसे वाघाच्या फाटकावर जातात तसे हिंगणीच्या बाजारातही जायला हवेत. मी थांबण्याचा आग्रह धरतो तो मुख्यतः यासाठी.

थांबायचं तर खायचं काय? वऱ्हाड-नागपूरकडचं जेवण म्हटलं की बाहेरच्यांना सावजीचा लालभडक रस्सा आठवतो. तो नागपूरचा. बोरकाठचं जेवण शेतातलं आहे आणि ते ऋतूनुसार बदलतं. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून टोपलीभर पुढे ठेवतात, गप्पा मारत सोलायच्या आणि खायच्या. त्याच दाण्यांची, म्हणजे सोल्यांची, ठेचून केलेली आमटी ज्वारीच्या भाकरीबरोबर. सांभारवडीही याच दिवसांतली. आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत ती इतकी स्वस्त आणि कोवळी मिळते की सारणात दुसरं फारसं काही घालावं लागत नाही. वांगी तुराट्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर भाजून भरीत करतात. तुराटी म्हणजे तुरीचं वाळकं खोड, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला त्या धुराचा वास येणं शक्य नाही. याशिवाय पाटवडी-रस्सा आहे, गोळाभात आहे, वर फोडणीचं तेल ओतून खायचा वडाभात आहे. पण हिंगणीच्या त्या दिवसाचा मान रोडग्यांचा, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला बांधावर गोवऱ्या रचायला सुरुवात झाली. मधे पोकळी ठेवून गोल रचतात, म्हणजे हवा खेळते आणि सगळ्या गोवऱ्या सारख्या पेटतात. या विस्तवाला जगरा म्हणतात. तो पेटून, भडकून, ज्वाळा विझून लाल निखारा व्हायला तासभर सहज जातो, आणि तोवर घाई करून चालत नाही. ज्वाळेवर टाकलेला रोडगा बाहेरून करपतो आणि आत पीठ राहतो. इकडे परातीत जाडसर दळलेली कणीक. मीठ, ओवा आणि सढळ हाताने तेलाचं मोहन घालून ती घट्ट मळली होती. माझ्या यजमानांच्या आईने लिंबाएवढा गोळा घेतला, त्याला तुपाचं बोट लावलं, मग दुसऱ्या गोळ्याची वाटी करून पहिला तिच्यात मिटवला. पुन्हा तूप, पुन्हा वाटी. असे तीन-चार थर झाल्यावर मुठीत मावेल-न मावेल असा गोळा तयार झाला. “थर नसले तं तो रोडगा नाही बाप्पा, गोळाच हाय निरा,” असं त्या म्हणाल्या.

निखाऱ्यांवर रोडगे मांडले, अधूनमधून फिरवले, मग गरम राखेत पुरले. आत मंद आचेवर ते शिजत राहतात. बाहेर काढल्यावर सुती फडक्यात घालून राख झाडली आणि एक हाताने दाबून फोडला. आतून कांद्यासारखे थर सुटे झाले, वाफ निघाली. त्यावर तूप, शेजारी तुरीचं साधं वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. खाताना रोडगा वरणात कुस्करायचा, अगदी बारीक करायचा नाही, कडक कवचाचे तुकडे दाताखाली यायला हवेत. त्याच विस्तवाच्या कडेला पोरांसाठी पळसाच्या पानांत थापलेले पानगे भाजले जात होते. पान जळून काळं होतं आणि पानग्यावर त्याच्या शिरांची नक्षी उमटते.

इतकं तूप या भागात येतं कुठून, याचंही उत्तर टेकड्यांमध्ये आहे. गवळाऊ ही गाईची जात मूळ वर्धा जिल्ह्याची. पांढरीशुभ्र, सडपातळ, लांब चेहऱ्याची. तिचे बैल चालीला हलके आणि वेगवान. मराठ्यांच्या फौजांचं सामान वाहायला ते वापरत, असं सांगतात. आर्वी, कारंजा, आष्टी आणि सेलू या डोंगराळ पट्ट्यात नंद गवळी समाजाने ती पिढ्यान् पिढ्या राखली. गांधीजी वर्ध्याला आले, जमनालाल बजाजांनी आयुष्याचा अखेरचा काळ गोसेवेला दिला, आणि त्या प्रेरणेतून वर्ध्यात गोरस भांडार उभं राहिलं. तिथला गोरसपाक हा गाईच्या तुपातला खुसखुशीत पदार्थ दिल्याशिवाय वर्धेकर पाहुण्याला निरोप देत नाही. परतीच्या वाटेवर वर्ध्याला जाणार असाल तर सकाळी जा, दुपारपर्यंत तो संपण्याचा संभव असतो.

नदीच्या काठाने खाली निघालात की सेलूजवळ घोराड लागतं. संत केजाजी महाराजांचं हे गाव, विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ बोरच्या तीरावर. आसपासचे लोक घोराडला प्रतिपंढरी म्हणतात. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही ते इथे येतात, आणि हिवाळ्यात महाराजांच्या पुण्यतिथीला दिंड्या लागतात. चंद्रभागेची जागा इथे बोरने घेतली आहे. टाळ-मृदंगाचा आवाज संध्याकाळी पाण्यावरून येतो तेव्हा हे देऊळ नदीकाठीच का बांधलं ते सांगावं लागत नाही.

सेलू तालुक्यातल्याच सिंदीचा तान्हा पोळा पाहायला मिळाला तर सोडू नका. पोळ्याला खऱ्या बैलांची पूजा, आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, मुलांच्या लाकडी बैलांचा पोळा. ही खास नागपूर-वर्ध्याकडची चाल आहे. नागपूरकर भोसल्यांनी ती सुरू केली असं मानतात. मुलं आपापला नंदी सजवून घरोघर नेतात आणि त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे पैसे किंवा खाऊ. सिंदीत मात्र हे नंदी मुलांच्या हातात मावत नाहीत. माणसाहून उंच, चाकांवर उभे केलेले, कोरीव शिंगांचे लाकडी नंदी दोरांनी ओढत मैदानात आणतात. सुताराच्या कामाचं इतकं भव्य प्रदर्शन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नागपूरहून बुटीबोरीमार्गे येणाऱ्यांना सेलूच्या आधी केळझर लागतं. तिथला सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, आणि महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच अशी श्रद्धा आहे. भीमाने बकासुराला मारलं ते इथे, असं गावकरी सांगतात. वर्ध्याच्या बाजूने येणाऱ्यांना धाम नदीकाठचं पवनार लागतं. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला आले. शेत खणताना भरत आणि राम यांच्या भेटीचं शिल्प सापडलं, पुढे आणखी मूर्ती निघाल्या. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. सेवाग्राम तिथून जवळच. या दोन्ही ठिकाणांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. दोन्हींना अर्धा-अर्धा दिवस द्या, हिंगणीच्या दिवसात त्यांना कोंबू नका.

आता थोडं व्यवहाराचं. हिंगणी वर्ध्याहून तीसेक किलोमीटर, नागपूरहून गाडीने दीड-दोन तास. सेलूहून फाटा आहे. धरण गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. पावसाळ्यात सफारी बंद असते आणि आठवड्यातून एक दिवसही सुट्टीचा असतो, त्यामुळे आधी चौकशी करून आरक्षण करा. सफारीपलीकडे करण्यासारखं पुष्कळ आहे. सूर्य वर आल्यावर हिंगणी ते धरण सायकलने जा. रस्त्याच्या तारांवर नीलपंख बसलेला असतो, उडाला की पंखांतली निळाई उघडते. थंडीत जलाशयावर उत्तरेकडून येणारी बदकं आणि चिखलातून धावणारे तुतवार पाहायला दुर्बीण सोबत असू द्या. कालव्याच्या काठाने शेतांच्या बाजूला चालत जाणं हा दुपारनंतरचा उत्तम उद्योग आहे. मात्र पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेला पायी फिरू नका, गावकरीही एकटे फिरत नाहीत. धरणाच्या पाण्यात उतरू नका. मातीच्या धरणाच्या काठाचा उतार फसवा असतो, दोन पावलांत तळ सुटतो.

वाघ बघायला म्हणूनच या, त्यात काही वावगं नाही. फक्त सफारी सकाळची घ्या आणि दुपारचं जेवण गावात ठेवा. चहा इथे प्या, केळी सेलूला घ्या, शेतातल्या जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि रोडगे खायचे असतील तर आदल्या दिवशीच निरोप धाडा. जगरा पेटायला वेळ लागतो.